नवी रेल्वेसेवा सुरू करायची तर: ब्रिटनमधलं लायसन्स, रुळांवरचा हक्क आणि आपल्याकडचा २०२० चा प्रयत्न

प्रश्न थोडक्यात असा होता: "आमच्या ओळखीच्या काही मराठी मंडळींना ब्रिटनमध्ये लांब पल्ल्याची एक नवी प्रवासी रेल्वेसेवा सुरू करायची आहे. गाड्या भाड्याने मिळतात असं कळलं. लायसन्स काढलं की गाडी सोडता येते का? किती वर्षं धरायची? आणि भारतात २०२० मध्ये खासगी गाड्यांच्या निविदा निघाल्या होत्या, त्या का बारगळल्या?"

लायसन्स हा या कामातला सर्वांत सोपा टप्पा आहे. त्याच्यावर वेळ घालवू नका, असं मी सुरुवातीलाच सांगतो. माझं काम गेली अनेक वर्षं इथल्या वेळापत्रकाचं आणि ट्रॅक ॲक्सेसचं, म्हणजे रुळांवर गाडी चालवायच्या हक्काचं आहे. नव्या सेवेचे अर्ज तयार करणं आणि दुसऱ्यांच्या अर्जांवर आक्षेप नोंदवणं, या दोन्ही बाजूंना मी बसलो आहे. जे अर्ज पडले, त्यांतला एकही लायसन्सवर अडल्याचं मला आठवत नाही. सगळे रुळांवरच्या जागेवर किंवा पैशांच्या हिशेबावर अडले. तुमच्या मित्रांनी पाच वर्षं धरून चालावं. त्याहून लवकर झालं तर आनंदच आहे.

आधी मांडणी समजून घ्या. १९९३ च्या रेल्वे कायद्याने ब्रिटिश रेलचे तुकडे झाले. रूळ, सिग्नल, पूल एका कंपनीकडे गेले. ती आधी रेलट्रॅक होती, २००२ पासून नेटवर्क रेल आहे. गाड्या चालवणाऱ्या कंपन्या वेगळ्या, आणि बहुतेक गाड्यांची मालकी तिसऱ्याच भाडेकंपन्यांकडे. बहुतांश प्रवासी सेवा सरकारने मक्त्याने दिल्या. आता २०२४ च्या कायद्यानुसार मक्त्यांची मुदत संपेल तसतशा त्या सरकारच्या हाती परत येत आहेत. मे २०२५ मध्ये साउथ वेस्टर्नपासून सुरुवात झाली. पण या सगळ्याच्या बाजूला एक अरुंद दार पहिल्यापासून उघडं आहे. सरकारचा मक्ता नाही, अनुदान नाही, नफा-तोटा सगळा तुमचा, अशा अटींवर कुणीही गाडी चालवायची परवानगी मागू शकतो. याला इथे ओपन ॲक्सेस म्हणतात. हल ट्रेन्स, ग्रँड सेंट्रल, ल्युमो या कंपन्या याच दाराने आत आल्या. तुमच्या मित्रांनाही हेच दार आहे.

लायसन्स देतं ऑफिस ऑफ रेल अँड रोड, म्हणजे ओआरआर. हे सरकारी खात्यापासून स्वतंत्र असलेलं नियामक मंडळ आहे. ते चार गोष्टी पाहतं: संचालकांची वागणूक स्वच्छ आहे का, कंपनीच्या खिशात सुरुवातीचं वर्ष काढण्याइतके पैसे आहेत का, रेल्वे चालवायला लागणारी जाणकार माणसं आहेत का, आणि अपघाताच्या दायित्वाचा पुरेसा विमा आहे का. लायसन्सबरोबर अटींचा एक जोडदस्तऐवज येतो. त्यात तक्रारींची व्यवस्था, अपंग आणि वृद्ध प्रवाशांसाठीचं धोरण, इतर कंपन्यांशी तिकीट आणि माहितीचं सहकार्य अशा गोष्टी असतात. कागद बरेच, पण अंदाज बांधता येतो. चांगला वकील आणि एक अनुभवी ऑपरेशन्स मॅनेजर असला की हे काम पार पडतं.

सुरक्षा प्रमाणपत्र मात्र जड आहे, आणि ते जड असायलाच हवं. २००६ च्या सुरक्षा नियमांखाली तुम्हाला तुमची संपूर्ण सुरक्षा व्यवस्थापन पद्धत लिहून दाखवावी लागते: चालकांचं प्रशिक्षण कसं, थकव्यावर नियंत्रण कसं, देखभाल कोण करणार, अपघात झाला तर रात्री दोन वाजता कोण फोन उचलणार. परिपूर्ण अर्ज आल्यापासून ओआरआर चार महिन्यांत निर्णय देतं आणि प्रमाणपत्र पाच वर्षांपर्यंत चालतं. अर्ज परिपूर्ण करायलाच वर्ष जातं, हे लक्षात ठेवा. त्यातही चालक हा खरा अडसर आहे. इथे चालकाला नुसती गाडी चालवता येऊन भागत नाही. ज्या मार्गावर जायचं त्याच्या प्रत्येक सिग्नलची, चढाची, वेगमर्यादेची ओळख त्याच्या नावावर नोंदलेली असावी लागते. नवा माणूस घेतला तर तो एकट्याने गाडी न्यायला तयार होईपर्यंत वर्ष उलटतं.

आता मुख्य विषय. लायसन्स तुम्ही कोण आहात हे तपासतं. कोणत्या मिनिटाला कोणत्या रुळावर तुमची गाडी असेल, याबद्दल त्यात एक अक्षरही नसतं. ते ठरतं ट्रॅक ॲक्सेसच्या करारात.

कल्याण-कसारा मार्गाने प्रवास करणाऱ्याला हे वेगळं समजावावं लागत नाही. मेल गाडी मागून येत असली की लोकल आसनगावला थांबवून ठेवतात, आणि डब्यातला प्रत्येक जण घड्याळाकडे बघत बसतो. रूळ रिकामा दिसतो, पण त्या रुळाची पुढची दहा मिनिटं दुसऱ्या गाडीची असतात. वेळापत्रकातल्या या जागेला रेल्वेत पाथ म्हणतात, आणि नव्या सेवेचा सगळा व्यवहार या पाथचा आहे. वेगवान आणि हळू गाड्या एकाच रुळावर मिसळल्या की पाथ कमी होतात, कारण वेगवान गाडीसमोर बरंच अंतर मोकळं ठेवावं लागतं. सगळ्या गाड्या एकाच वेगाने धावल्या तर त्याच रुळावर कितीतरी जास्त बसतात.

लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या ईस्ट कोस्ट मार्गाचं उदाहरण घ्या, कारण ओपन ॲक्सेसचा बहुतेक इतिहास तिथेच घडला. किंग्ज क्रॉसहून निघालेले चार रूळ वेलविनजवळ दोनच उरतात. तिथे १८५० चा चाळीस कमानींचा पूल आहे, पुढे बोगदे आहेत, आणि भरीला त्या दोन रुळांच्या तुकड्यातच वेलविन नॉर्थ हे छोटं स्टेशन आहे. तिथे एक लोकल थांबली की एडिंबराला निघालेली गाडी तिच्या मागे अडकते. आणखी वर न्यूअर्कला नॉटिंगहॅम-लिंकन मार्ग मुख्य मार्गाला त्याच पातळीवर आडवा छेदतो. नॉर्थॲलर्टनच्या पुढे न्यूकॅसलपर्यंत मुख्यतः दोनच रूळ. उत्तरेकडच्या भागात ओव्हरहेड तारांना पुरवठा होणाऱ्या विजेचीही मर्यादा होती. सहाशेहून जास्त किलोमीटरच्या मार्गावर किती गाड्या धावतील, हे अशा चार-पाच जागा ठरवतात. अर्ज लिहायला बसण्याआधी तुमच्या मार्गावरच्या अशा जागा नावानिशी माहीत असल्या पाहिजेत.

कायद्यात दोन वाटा आहेत. नेटवर्क रेल तुम्हाला जागा द्यायला राजी असेल तर दोघं मिळून करार ओआरआरकडे मंजुरीसाठी नेता. ती १९९३ च्या कायद्याच्या कलम १८ ची वाट. मंजुरी नसेल तर तो करार कायद्याने शून्य. नेटवर्क रेल राजी नसेल तर कलम १७ खाली तुम्ही एकटेच ओआरआरकडे जाऊ शकता, आणि ओआरआरला पटलं तर ते नेटवर्क रेलला करार करायचा आदेश देतं. मला या संपूर्ण कायद्यात कलम १७ सर्वांत मोलाचं वाटतं. रूळ ज्याच्या ताब्यात आहेत त्याने नकार दिला तरी दाद मागायला तिसरी जागा आहे, तिची कसोटी छापील आहे, आणि तिचा निर्णय कारणांसकट सार्वजनिक होतो. छोट्या कंपनीला मोठ्या व्यवस्थेसमोर उभं राहता येतं ते एवढ्या एका गोष्टीमुळे.

ओआरआरची कसोटी तीन गोष्टींची आहे. जागा आहे का? गाडी आली तर इतर गाड्यांचा वक्तशीरपणा किती बिघडेल? आणि ही गाडी नवा प्रवासी आणते की दुसऱ्याचाच पळवते? तिसऱ्या प्रश्नासाठी एक आकडा आहे. जुन्या कंपन्यांकडून ओढून घेतलेल्या दर एक पौंडामागे किमान तीस पेन्स नवं उत्पन्न निर्माण झालं पाहिजे. म्हणजे तुमच्या शंभर पौंडांच्या तिकीटविक्रीत साधारण तेवीस पौंड असे हवेत, जे तुम्ही नसता तर रेल्वेत आलेच नसते: मोटारीने, विमानाने गेले असते किंवा प्रवासच झाला नसता. आकडा ओलांडला म्हणजे मंजुरी पक्की, असं मात्र नाही. सरकारच्या तिजोरीला एकूण किती फटका बसतो, हेही ओआरआर पाहतं.

ही कसोटी का आली ते कळलं तर अर्ज चांगला लिहिता येतो. इथे दोन प्रकारची तिकिटं असतात. काही एका कंपनीच्याच गाडीला चालतात, तर काही त्या मार्गावरच्या कोणत्याही गाडीला. दुसऱ्या प्रकारच्या तिकिटांचे पैसे ऑर्कॅट्स नावाच्या संगणकीय पद्धतीने कंपन्यांमध्ये वाटले जातात. प्रवासी प्रत्यक्षात कुठल्या गाडीत बसला ते ही पद्धत मोजत नाही; वेळापत्रकावरून अंदाज बांधते. त्यामुळे भरगच्च मार्गावर मोठ्या गाडीच्या पाच मिनिटं आधी एक छोटी गाडी घुसवली, तर रिकामी धावूनही तिला वाटा मिळू शकतो. अशा अर्जाने प्रवाशाला काहीच मिळत नाही, आणि तो फेटाळला जाणं योग्यच आहे. तुमच्या मित्रांचा आराखडा या वळणाचा असेल तर आत्ताच सोडून द्यायला सांगा. ओआरआरचे अर्थतज्ज्ञ पहिल्या आठवड्यात तो ओळखतील.

जे यशस्वी झाले त्यांनी काय केलं बघा. हल हे हंबर नदीवरचं मोठं बंदर, पण लंडनच्या थेट गाडीच्या बाबतीत उपेक्षित. सप्टेंबर २००० मध्ये हल ट्रेन्स सुरू झाली ती याच उणिवेवर. ग्रँड सेंट्रल डिसेंबर २००७ मध्ये संडरलंडहून सुरू झाली, वाटेत हार्टलपूलसारखी मुख्य मार्गापासून बाजूला पडलेली गावं घेत. पुढे २०१० मध्ये तिने ब्रॅडफर्डची सेवा जोडली. ग्रँड सेंट्रलला ओआरआरने परवानगी दिली तेव्हा त्या मार्गाचा मक्ता असलेली जीएनईआर थेट उच्च न्यायालयात गेली. २००६ मध्ये न्यायालयाने ओआरआरच्या बाजूने निकाल दिला. त्या निकालाने ओपन ॲक्सेसला कायद्याचा भक्कम पाया मिळाला.

ल्युमोचा मार्ग वेगळा. लंडन-एडिंबरा या आधीच गजबजलेल्या मार्गावर तिने अर्ज केला, पण तिचा युक्तिवाद विमानप्रवाशांना रेल्वेवर आणण्याचा होता: एकच वर्ग, स्वस्त तिकीट, पूर्ण विजेवरचे पाच नवे गाडी-संच, मोजके थांबे. मंजुरी मे २०१६ ची. पहिली गाडी धावली २५ ऑक्टोबर २०२१ ला. मधली पाच वर्षं गाड्या बांधण्यात, चाचण्यांत, चालक तयार करण्यात आणि करोनात गेली. तुम्ही किती वर्षं विचारलंत, त्याचं माझं उत्तर इथून येतं; आणि ल्युमो ज्या फर्स्टग्रुपची आहे, ती मुरलेली मोठी कंपनी आहे.

नकारही तितकेच शिकवतात. वेस्ट कोस्ट मार्गाच्या दक्षिण भागात, म्हणजे लंडन युस्टनच्या बाजूला, व्हर्जिन, फर्स्टग्रुप आणि रेक्सहॅम-श्रॉपशरच्या नव्या कंपनीने अर्ज केले होते. जुलै २०२५ मध्ये ओआरआरने सगळे फेटाळले. कारण एकच: जागा नाही. आणखी गाड्या घातल्या तर आहेत त्यांचाही वक्तशीरपणा कोसळेल. हा निर्णय अर्जदारांना कटू वाटला, पण मे २०१८ चं नवं वेळापत्रक ज्यांनी पाहिलं आहे त्यांना तो समजतो. त्या महिन्यात उत्तर इंग्लंडात आणि लंडनच्या आसपास रोज शेकडो गाड्या रद्द होत होत्या. विद्युतीकरणाची कामं उशिरा संपली, वेळापत्रक शेवटच्या घटकेला तयार झालं, चालकांना मार्गांची तयारी करायला वेळच उरला नाही. त्यानंतर इथली सगळी व्यवस्था सावध झाली. ईस्ट कोस्टचं मोठं नवं वेळापत्रकही अनेकदा पुढे ढकलून डिसेंबर २०२५ मध्ये लागू केलं गेलं.

हक्क आणि पाथ हे एकच नव्हेत, यात बरेच नवखे फसतात. करार म्हणतो की दिवसाला अमुक गाड्या, अमुक थांब्यांसह चालवायचा हक्क तुम्हाला आहे. नेमकी वेळ दर सहा महिन्यांच्या वेळापत्रकात ठरते. वर्षातून दोनदा, डिसेंबरात आणि मे महिन्यात, वेळापत्रक बदलतं. त्यासाठी मागणी साधारण चाळीस आठवडे आधी नोंदवावी लागते आणि नेटवर्क रेल सव्वीस आठवडे आधी उत्तर देतं. पक्का हक्क असलेल्याला प्राधान्य. नुसता तात्पुरता हक्क असेल तर उरलंसुरलं मिळतं. पक्का हक्क नसताना गाड्या भाड्याने घ्यायचा करार करू नका. भाडं गाडी उभी असली तरी सुरू राहतं. उलट हक्क घेऊन तो वापरलाच नाही, तर नेटवर्क कोडच्या, म्हणजे अशा सगळ्या करारांना लागू असलेल्या समान नियमावलीच्या आधारे तो काढूनही घेता येतो. पाच वर्षांपेक्षा लांब मुदतीचा करार हवा असेल तर तेवढ्या गुंतवणुकीचं समर्थन द्यावं लागतं. नव्या गाड्या विकत किंवा दीर्घ भाड्याने घेणार असाल तर ते देता येतं.

पैशांचं थोडं सविस्तर, कारण व्यवसाय-आराखड्यात बहुतेक चुका इथे दिसतात. रुळाच्या झिजेसाठी दर मैलाला, गाडीच्या प्रकारानुसार शुल्क आहे. जड आणि रुळाला जास्त घासणारी गाडी जास्त भरते. विजेचे वेगळे पैसे. शिवाय शहरांना जोडणाऱ्या ओपन ॲक्सेस सेवांना पायाभूत खर्चातला वाटा म्हणून आणखी एक शुल्क आहे. नव्या सेवेला पहिली काही वर्षं त्यातून सूट, मग ते टप्प्याटप्प्याने वाढतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी नफा दिसतोय म्हणून खूश होणाऱ्या आराखड्यात हे वाढीव शुल्क धरलं आहे का, हे मी सर्वांत आधी तपासतो.

मग उशिराचा हिशेब. तीन मिनिटं किंवा त्याहून जास्त उशीर झाला की त्याचं कारण शोधून तो कुणाच्या तरी नावावर टाकला जातो. तुमची गाडी वेलविनच्या पुलावर बंद पडली, तर तिच्या मागे अडकलेल्या प्रत्येक गाडीच्या उशिराचे पैसे तुमच्या खात्यातून नेटवर्क रेलकडे जातात आणि तिथून इतर कंपन्यांना. सिग्नल बिघडला तर पैसे उलट दिशेने येतात. दिवसाला पाच-सहा फेऱ्या असणाऱ्या कंपनीला अशी एक वाईट दुपार संपवू शकते. म्हणून छोट्या कंपन्यांना एका घटनेमागच्या रकमेवर मर्यादा घालून घेता येते. त्यासाठी जादा शुल्क द्यावं लागतं. ते द्या, त्यात काटकसर नको. मेगाब्लॉकची गोष्ट तशीच. मुंबईत रविवारी मेगाब्लॉक असतो तसा इथे शनिवार-रविवारी आणि नाताळात रूळ दुरुस्तीसाठी बंद होतात. मक्त्यावर गाड्या चालवणाऱ्या कंपन्यांना त्याची भरपाई मिळते. ओपन ॲक्सेस कंपनीला ती पूर्ण हवी असेल तर त्यासाठीही आधी वर्गणीसारखं शुल्क भरावं लागतं.

स्टेशन आणि कारशेडसाठी वेगळे करार लागतात, आणि कधी सगळं गाडं तिथेच रुततं. चॅनेल बोगद्यातून लंडन-पॅरिस गाड्या १९९४ पासून एकटी युरोस्टार चालवते. बोगद्यात आणि लंडनपर्यंतच्या हायस्पीड मार्गावर नव्या गाड्यांना जागा आहे. पण त्या गाड्यांची देखभाल करता येईल असं लंडनजवळचं डेपो एकच: टेंपल मिल्स. ते युरोस्टारच्या ताब्यात. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओआरआरने तिथली उरलेली जागा व्हर्जिनला द्यायचा निर्णय दिला, आणि बाकी अर्जदार बाहेर राहिले. रूळ मोकळा, लायसन्स शक्य, प्रवासी तयार, आणि निकाल लागला तो गाडी रात्री कुठे उभी राहणार यावर.

अपयशाचं एक उदाहरण देतो, कारण त्यात कुणी आळशीपणा केला नव्हता. रेक्सहॅम अँड श्रॉपशर ही वेल्समधल्या रेक्सहॅमहून लंडनला जाणारी सेवा एप्रिल २००८ मध्ये सुरू झाली. प्रवासी तिच्यावर मनापासून खूश होते. डब्यात ताजं जेवण मिळायचं, कर्मचारी अगत्याचे. पण जलद मार्गावर पाथ नव्हते, त्यामुळे गाडी वळसे घेत चार तासांच्या घरात लंडनच्या मेरिलबोन स्टेशनला पोचायची. स्पर्धेपासून मक्त्याला संरक्षण देणाऱ्या जुन्या अटींमुळे वाटेतल्या मोठ्या स्टेशनांवर मोकळेपणाने प्रवासी घेता येत नव्हते. जानेवारी २०११ मध्ये सेवा बंद झाली. मला या कंपनीचं आजही वाईट वाटतं. चांगली सेवा वाईट पाथवर टिकत नाही. आणि २०२० मध्ये करोना आला तेव्हा मक्त्याच्या गाड्यांचा तोटा सरकारने उचलला, ओपन ॲक्सेसचा नाही. हल ट्रेन्स आणि ग्रँड सेंट्रल या दोघींना गाड्या काही काळ पूर्ण थांबवाव्या लागल्या. मोठी मूळ कंपनी पाठीशी होती म्हणून त्या परत उभ्या राहिल्या. तुमच्या मित्रांच्या पाठीशी कोण आहे?

पुढे नियम बदलणार आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या रेल्वे विधेयकात ग्रेट ब्रिटिश रेल्वेज ही सरकारी संस्था प्रस्तावित आहे. रूळही तिच्याकडे, बहुतेक गाड्याही तिच्याकडे, आणि कुणाला जागा द्यायची हा निर्णयही तिचाच. ओआरआरकडे अपील करता येईल, पण पहिला शब्द त्यांचा राहणार नाही. रूळ आणि गाड्या एका छताखाली आल्या तर वेळापत्रक सुधारेल, हा सरकारचा युक्तिवाद मला बराचसा पटतो. २०१८ सारखा गोंधळ तुकड्या-तुकड्यांच्या व्यवस्थेतूनच झाला होता. तरीही ज्याच्या गाड्यांशी तुम्ही स्पर्धा करणार, त्याच्याकडेच जागा मागायची, ही रचना मला काळजीची वाटते. अपील किती खोलवर ऐकलं जाणार, यावर ओपन ॲक्सेसचं भवितव्य ठरेल. स्पेनने वेगळी वाट काढली. तिथल्या रुळांची सरकारी कंपनी आदिफने हायस्पीड मार्गांवरची जागा आधीच मोजून तीन गठ्ठ्यांत विभागली आणि २०१९ मध्ये वाटली: सर्वांत मोठा गठ्ठा रेन्फे या सरकारी गाडीकंपनीला, बाकीचे दोन नव्यांना. २०२१ मध्ये ऊइगो आणि २०२२ मध्ये इर्यो या नव्या कंपन्यांच्या गाड्या धावू लागल्या, आणि माद्रिद-बार्सिलोनाची तिकिटं स्वस्त झाली. अर्थात स्पेनकडे रिकामे हायस्पीड मार्ग होते; ब्रिटनकडे ते नाहीत.

आता आपल्याकडचा प्रयत्न. जुलै २०२० मध्ये रेल्वे मंत्रालयाने १०९ मार्गजोड्यांवर १५१ खासगी गाड्यांसाठी कंपन्यांना आमंत्रण दिलं. मार्गांचे बारा समूह केले होते, त्यांतले दोन मुंबईचे. करार ३५ वर्षांचा, अपेक्षित गुंतवणूक ३०,००० कोटी रुपये. पहिल्या फेरीत १५ कंपन्यांनी १२० अर्ज केले. जुलै २०२१ मध्ये प्रत्यक्ष बोली उघडल्या तेव्हा फक्त दोन कंपन्या उरल्या होत्या: रेल्वेचीच आयआरसीटीसी आणि मेघा इंजिनिअरिंग. नऊ समूहांना एकही बोली आली नाही. पुढे ती प्रक्रिया रद्द झाली.

लोक याचं कारण करोना सांगतात, ते अर्धंच खरं. अटी वाचा. गाड्या तुम्ही आणायच्या, पण लोको पायलट आणि गार्ड रेल्वेचे. रूळवापराचं शुल्क ठरलेलं, विजेचे पैसे वेगळे, शिवाय एकूण उत्पन्नातला वाटा रेल्वेला, आणि त्या वाट्यावरच बोली. वक्तशीरपणाची अपेक्षा ९५ टक्के. पण सिग्नल, मार्ग आणि कोणती गाडी आधी सोडायची याचा हुकूम रेल्वेच्या हातात. बाजूच्याच फलाटावरून रेल्वेची स्वतःची, कमी तिकिटाची गाडी सुटणार. अशा वेळी उशीर कुणामुळे झाला यावर वाद झाला तर तो सोडवणारं, ओआरआरसारखं कायद्याने उभं केलेलं स्वतंत्र मंडळ नव्हतं. २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वे विकास प्राधिकरणाला मंजुरी दिली होती, पण खासगी गाड्यांची निविदा निघाली तेव्हा त्या प्रकारची आर्थिक पंचाची यंत्रणा हाताशी नव्हती. ३५ वर्षांसाठी कर्ज देणारी बँक हे पहिल्यांदा बघते.

आणि हे तत्त्व भारताला परकं नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. नवा मार्ग प्रवाशांसाठी उघडण्यापूर्वी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी लागते, आणि हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहेत. १९४१ साली ही तपासणी रेल्वे बोर्डापासून वेगळी केली गेली, कारण जो चालवतो त्यानेच स्वतःची सुरक्षा तपासू नये. सुरक्षेसाठी जे आपण इतक्या आधी मान्य केलं, तेच रुळांवरची जागा आणि पैसे यांसाठी मान्य केलं असतं, तर मुंबईच्या दोन समूहांसाठी निदान खरी स्पर्धा झाली असती.

भारतात आज खासगी मंडळींना जे मिळतं ते मर्यादित आहे. आयआरसीटीसीची तेजस अहमदाबाद-मुंबई मार्गावर जानेवारी २०२० पासून आहे, पण आयआरसीटीसी ही रेल्वेचीच कंपनी. भारत गौरव योजनेत पर्यटन गाडी भाड्याने घेऊन चालवता येते. खासगी संचालकाची पहिली गाडी जून २०२२ मध्ये कोइम्बतूरहून साईनगर शिर्डीला आली. यात्रेसाठी ती सोय उत्तम आहे. रोजच्या प्रवाशासाठी ठरावीक वेळेला धावणारी स्पर्धक सेवा ती नव्हे.

तुमच्या मित्रांनी आता काय करावं: गाडीकंपन्यांशी बोलणं थांबवावं आणि आधी असं गाव शोधावं ज्याला लंडनची थेट गाडी नाही पण जाणारे लोक भरपूर आहेत. मग आत्ताचं कामकाजी वेळापत्रक (रेल्वेच्या आतल्या वापराचं, प्रत्येक गाडीच्या सविस्तर वेळांचं) घेऊन एखाद्या निवृत्त वेळापत्रककाराला पैसे देऊन बसवावं आणि दिवसाला चार फेऱ्यांचे पाथ कागदावर तरी सापडतात का ते पाहावं. हे काम काही आठवड्यांचं आहे आणि बाकीच्या खर्चाच्या मानाने नगण्य. पाथ सापडले तर नेटवर्क रेलशी अनौपचारिक बोलणी, मग मागणीचा अंदाज, मग अर्ज. लायसन्स आणि सुरक्षा प्रमाणपत्राचं काम अर्जावर निर्णय दिसू लागल्यावर जोरात सुरू करता येतं. आणि या सगळ्याआधी ओआरआरचं जुलै २०२५ चं वेस्ट कोस्टचं निर्णयपत्र सर्वांनी स्वतः वाचावं. ते सार्वजनिक आहे, फुकट आहे, आणि तुमच्या अर्जाला कोणते प्रश्न विचारले जाणार ते त्यात जवळजवळ सगळे आहेत.